कृती भरपूर झाली, पण अडचण कुठे होती?

वाचकाचं पत्र:

"मी सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. बी.एड. करताना शिक्षणाच्या तत्त्वज्ञानात कार्यवाद (प्रॅग्मॅटिझम), म्हणजे कल्पनेची पारख तिच्या परिणामांवरून करणारा विचार, वाचला आणि तो मनाला फार भिडला. मूल करून शिकतं, शाळा ही पुढच्या आयुष्याची नुसती तयारी नव्हे, ते आयुष्यच आहे, हे वाचून ठरवलं होतं की आपण असंच शिकवायचं.

या वर्षी 'जलचक्र' हा धडा मी प्रकल्पातून घेतला. दोन आठवडे वर्ग नुसता गजबजला होता. मुलांनी थर्माकोलचे डोंगर केले, कापसाचे ढग लावले, निळी नदी रंगवली, बाण चिकटवले. प्रदर्शन भरलं, कौतुकही झालं. नंतर चाचणीत 'ओल्या कपड्यातलं पाणी जातं कुठे?' असा साधा प्रश्न घातला, तर निम्म्याहून जास्त मुलांनी 'सूर्य शोषून घेतो' असं लिहिलं. पालक म्हणाले, दोन आठवडे कात्री-डिंकात गेले. मुख्याध्यापक म्हणाले, 'तुमचा कार्यवाद काय सांगतो? जे उपयोगी पडतं ते खरं. मग परीक्षेत जे उपयोगी पडतं तेच शिकवा की.' मला उत्तर सुचलं नाही.

त्यातच अपूर्णांकांचा भागाकार सुरू झाला. 'दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं' हा नियम मी फळ्यावर लिहिला. एका मुलीनं विचारलं, 'बाई, याचा उपयोग काय?' मी म्हटलं, 'पुढच्या वर्गात लागतो.' ती गप्प बसली, पण मलाच ते उत्तर पटलं नाही.

सरांचं म्हणणं चूक असेल तर नेमकं कुठे? ज्याचा रोजच्या जगण्यात उपयोग दिसत नाही ते शिकवायचं कसं? की हा नाद सोडून सरळ खडू-फळा हातात घ्यावा?

– एक शिक्षिका"

प्रिय ताई,

आधी मुख्याध्यापकांचं वाक्य घेऊ, कारण तुमचे बाकीचे दोन्ही प्रश्न त्यातच अडकलेले आहेत. सर म्हणतात ते सर्वस्वी हवेतलं नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०७ मध्ये कार्यवादावरची आपली व्याख्यानं पुस्तकरूपानं छापली, तेव्हा 'जे काम देतं ते सत्य' अशा थाटाची वाक्यं त्यांत होती. टीकाकारांनी लगेच त्यांचा अर्थ 'सोयीचं ते सत्य' असा लावला. जेम्स या अर्थानं इतके वैतागले की दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, त्यांनी नुसत्या सत्याच्या अर्थावर आणखी एक पुस्तक काढलं. म्हणजे तुमच्या सरांचा आक्षेप शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याचं उत्तरही तितकंच जुनं आहे.

उत्तर समजून घ्यायला जेम्सच्याही मागे जावं लागतं. कार्यवादाची सुरुवात करणारे चार्ल्स पर्स यांनी १८७८ मध्ये एका लेखात विचारलं होतं की एखादी कल्पना आपल्याला स्पष्ट आहे असं कधी म्हणायचं? त्यांचं उदाहरण कठीणपणाचं होतं. एखादी वस्तू कठीण आहे म्हणजे काय? तर इतर बऱ्याच वस्तूंनी तिच्यावर ओरखडा उठणार नाही. कल्पना खरी धरली तर काय काय घडायला हवं, याच्या यादीतच तिचा अर्थ असतो. मग तसं घडतं का ते बघायचं. घडलं तर कल्पना तूर्त टिकली, नाही घडलं तर ती दुरुस्त करायची. यात सोय कुठेच नाही. उलट आपल्याला आवडलेली कल्पना परिणामांसमोर उभी करायची आणि ती पडली तर निमूटपणे मान्य करायचं, अशी ही फार कडक शिस्त आहे.

आता सरांचं वाक्य या कसोटीवर लावून बघा. एका मुलानं 'उलटा करून गुणा' हा नियम पाठ केला, परीक्षेत दहापैकी दहा मिळवले. यात कुठली कल्पना तपासली गेली? भागाकाराबद्दलची तर नाहीच. तो नियम खरा ठरावा किंवा खोटा पडावा अशी वेळ त्या मुलावर आलीच नाही. तपासली गेली ती त्याची स्मरणशक्ती. ते गुण उपयोगी नाहीत असं मी म्हणत नाही, मुलांच्या पुढच्या वाटा त्यांवर अवलंबून असतात आणि त्यांना नाक मुरडणं सोपं असतं. पण 'कार्यवादानुसार हेच खरं शिक्षण' असं मात्र म्हणता येत नाही.

याच परंपरेतले तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३८ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अनुभव आणि शिक्षण यांवर एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्यात एक मुद्दा आहे जो प्रत्येक मुख्याध्यापकानं वाचायला हवा असं मला वाटतं. मूल त्या तासाला जो विषय शिकतंय तेवढंच शिकतं, हा शिक्षणातला सगळ्यात मोठा गैरसमज आहे, असं ते म्हणतात. सोबत ते बरंच काही शिकत असतं, आणि तेच जास्त टिकतं. नियम पाठ करून गुण मिळवणारं मूल 'गणितात कारण विचारायचं नसतं' हेही शिकतं. सातवीपर्यंत ते इतकं पक्कं होतं की बीजगणित आल्यावर ते मूल कोऱ्या चेहऱ्यानं पुढच्या नियमाची वाट बघत बसतं. अनुभवाची किंमत त्यानं पुढचे कुठले अनुभव शक्य केले यावर ठरते, असं ड्यूई सांगतात. या मापानं मोजलं तर ते दहा गुण फार महागात पडलेले असतात.

आता तुमच्या प्रकल्पाकडे वळते. स्पष्ट लिहिते, कारण तुम्ही स्पष्ट विचारलं आहे. पालकांचं म्हणणं मला पटतं. ते दोन आठवडे बऱ्याच अंशी कात्री-डिंकातच गेले. मुलांचे हात कामात होते, पण विचार करावा लागेल असं त्यांच्यासमोर काहीच नव्हतं. ढग कुठे लावायचा, बाण कुठल्या दिशेला, हे पुस्तकातल्या चित्रानं आधीच ठरवलं होतं. बाण उलटा लागला असता तरी थर्माकोलची नदी अडली नसती. तुम्ही 'अगं, असा लाव' म्हणाला असता आणि तिनं तसा लावला असता. चुकीच्या कल्पनेला चुकीचं ठरवणारं त्या प्रतिकृतीत काही नव्हतं, म्हणून 'सूर्य शोषून घेतो' ही समजूत दोन आठवडे तिथेच सुखरूप राहिली.

कार्यवादाचा अर्थ 'भरपूर कृती' असा लावला जातो, तिथे सगळा घोळ होतो. विचार कसा चालतो याचं विश्लेषण ड्यूईंनी १९१० मध्ये केलं. त्यात विचाराची सुरुवात खटकण्यापासून होते. काहीतरी जुळत नाही, पुढे जाता येत नाही. मग नेमकं काय अडलंय ते शोधायचं, एखादा अंदाज बांधायचा, तो खरा असेल तर पुढे काय होईल याचा मनात माग काढायचा, आणि शेवटी प्रत्यक्ष करून बघायचं. हाताचं काम या साखळीत एका ठरावीक जागी येतं. आधी अडचण नसेल आणि नंतर परिणाम बघायचा नसेल तर मधली कृती ही फक्त हालचाल असते. बी.एड.च्या नोट्समध्ये 'करून शिकणे' एवढेच दोन शब्द उरतात आणि ही साखळी गळून पडते, याचं मला खरोखर वाईट वाटतं. तुमच्यासारखी उत्साही शिक्षिका त्या दोन शब्दांवर विसंबून दोन आठवडे खपते आणि शेवटी बोल तिलाच लागतो.

ड्यूईंच्या स्वतःच्या शाळेत हे कसं चालायचं ते सांगते. शिकागो विद्यापीठात त्यांनी जानेवारी १८९६ मध्ये १६ मुलांना घेऊन एक प्रयोगशाळा म्हणावी अशी शाळा सुरू केली. तिथे सुतारकाम, स्वयंपाक, विणकाम असायचं. शाळेसाठी बाकं घ्यायला ते दुकानं पालथी घालत होते, तेव्हा एका विक्रेत्यानं त्यांना सांगितलं की तुम्हाला मुलांना काम करता येईल असं काही हवंय, आमच्याकडचं सगळं ऐकत बसण्यासाठी केलेलं आहे. ही गोष्ट बरेच जण सांगतात. मला मात्र त्याच शाळेतला कापसाचा धडा जास्त मोलाचा वाटतो.

मुलांसमोर कच्चा कापूस आणि मेंढीच्या अंगावरून उतरवलेली लोकर ठेवली होती. प्रश्न असा होता की माणसांनी लोकरीचे कपडे भरपूर वापरले, पण सुती कापड त्या मानानं मागे का राहिलं? मुलं कापसातली सरकी हातानं काढायला बसली. अर्धा तास खपल्यावर एक औंससुद्धा कापूस निघाला नाही. एका माणसाच्या हातून दिवसभरात किती थोडा कापूस निघत असेल हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मग त्यांनी तंतू बघितले. कापसाचा तंतू आखूड आणि गुळगुळीत, लोकरीचा लांब आणि खरखरीत, म्हणून लोकरीचे तंतू एकमेकांना धरून राहतात आणि सूत काढणं सोपं जातं. तिथून मुलं पिंजण्याकडे, कातण्याकडे, यंत्रांकडे गेली, आणि यंत्रांमुळे माणसांचं जगणं कसं बदललं तिथवर पोचली. त्या मुलांना विणकर करायचं नव्हतं. ड्यूईंनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय की शाळेतलं हे काम धंदेशिक्षण नाही. बोटांना जो चिवटपणा जाणवला त्यानं इतिहासातला एक प्रश्न खरा झाला, एवढ्यासाठी ते होतं.

यात आणि तुमच्या प्रतिकृतीत साहित्याचा फरक नाही. कापूस तुमच्याकडेही होता. तिथे सरकी निघत नव्हती. तुमच्याकडे कापूस ढगाच्या जागी मुकाट चिकटला.

जलचक्र पुन्हा घ्यायचं म्हटलं तर मी असं करीन. सारख्या मापाचे चार ओले रुमाल घ्यायचे. एक उन्हात पसरायचा. एक उन्हातच, पण काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावायचं. एक सावलीत वाऱ्याला, आणि एक अंधाऱ्या खोलीत दोरीवर. रुमाल ठेवण्याआधी प्रत्येक मुलानं वहीत लिहायचं की कुठला आधी वाळेल, कुठला वाळणारच नाही, आणि का. हे लिहिणं टाळू देऊ नका. लिहिलं नाही तर नंतर प्रत्येकाला वाटतं की आपल्याला हे आधीच माहीत होतं. मग बघायचं. अंधारातला रुमाल उशिरा का होईना, वाळतो. तिथे सूर्य नव्हता, मग शोषलं कुणी? उन्हातल्या बरणीतला रुमाल ओलाच राहतो आणि काचेवर आतून थेंब दिसतात. सूर्य तर तिथे होता! आता ती समजूत स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही. काही मुलं म्हणतील, हवेनं शोषलं. म्हणू द्या. हा अंदाज आधीच्यापेक्षा बरा आहे. तुम्ही एवढंच विचारा की बरणीतही हवा आहे, तिनं का नाही शोषलं? या प्रश्नावर वर्ग चांगला दोन दिवस घालवू शकतो, आणि ते दोन दिवस वाया गेले असं कुणीही म्हणू नये.

आता त्या मुलीचा प्रश्न. 'याचा उपयोग काय?' असं मूल विचारतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला नोकरी-व्यवसायातला उपयोग नको असतो. तुम्ही कितीही सांगितलं की इंजिनीअरला हे लागतं, तरी अकरा वर्षांच्या मुलीला त्याचं काय? ती विचारत असते की मी आत्ता हे का करतेय, यात मला काही दिसत का नाही. म्हणून 'पुढे लागतो' हे उत्तर खोटं नसलं तरी तिच्यापर्यंत पोचत नाही. ड्यूईंचा या बाबतीतला आग्रह तुम्ही वाचलाच आहे. १८९७ मध्येच त्यांनी लिहिलं होतं की शिक्षण हे जगणंच आहे, पुढच्या जगण्याची नुसती तयारी नव्हे. वर्गात त्याचा अर्थ असा होतो की नियमाची गरज आज, या तासाला पडली पाहिजे.

भागाकारात ती गरज कशी पाडायची? एक फीत घ्या, कापडाची किंवा कागदाची. आधी सोपं द्या. तीन मीटर फितीतून अर्ध्या मीटरचे तुकडे किती? सहा. इथेच थांबून विचारा की भागाकार केल्यावर उत्तर तीनापेक्षा मोठं कसं आलं? काही मुलांच्या मनात ही शंका कधीपासून असते, विचारायची सोय नसते. त्यांना बोलू द्या.

मग खरा डाव टाका. अडीच मीटर फीत, पाऊण मीटरचे तुकडे. किती होतील? मुलं कापतील. तीन तुकडे निघतील आणि पाव मीटर उरेल. बहुतेक वर्ग उत्तर देईल, सव्वातीन. आता फळ्यावरचा तुमचा नियम लावायला सांगा. पाच द्वितीयांश भागिले तीन चतुर्थांश, उलटा करून गुणलं की वीस षष्ठांश, म्हणजे तीन पूर्णांक एक तृतीयांश. हातात सव्वातीन, फळ्यावर तीन पूर्णांक एक तृतीयांश. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. फीत खोटी की नियम खोटा?

इथे तुम्ही गप्प राहायचं. हे सगळ्यात अवघड आहे, कारण उत्तर तुमच्या ओठांवर असतं आणि घड्याळ पुढे सरकत असतं. काही मुलं पुन्हा मोजतील. काही म्हणतील की नियमच चुकलाय. काही नियमाला मुकाट शरण जातील आणि हातातली फीत चूक म्हणतील, त्यांच्याकडे जरा लक्ष द्या, पाठांतरानं त्यांचंच जास्त नुकसान केलेलं असतं. शेवटी कुणीतरी उरलेला तुकडा पूर्ण तुकड्यावर ठेवून बघेल. तो तीनदा बसतो. म्हणजे उरलं ते पाव मीटर खरं, पण पाऊण मीटरच्या तुकड्याचा तो तिसरा हिस्सा. आपण तुकडे मोजत होतो आणि उरलेलं मात्र मीटरमध्ये सांगत होतो. एक तृतीयांश म्हणजे कशाचा एक तृतीयांश, हा प्रश्न वर्गात पहिल्यांदाच खरा झाला.

त्यानंतरचं काम पाच मिनिटांचं आहे. एका मीटरमध्ये पाऊण मीटरचे तुकडे किती? एक पूर्ण आणि एक तृतीयांश, म्हणजेच चार तृतीयांश. तीन चतुर्थांश उलटा झाला तो इथे! उलटा अपूर्णांक म्हणजे एका मीटरमागे किती तुकडे, आणि अडीच मीटर आहे म्हणून त्याला अडीचनं गुणायचं. तुमच्या विद्यार्थिनीला आता उपयोग सांगावा लागणार नाही. तो नियम तिच्या हातातल्या भांडणाचा निवाडा करून गेलेला असेल.

पर्स यांनी अर्थाबद्दल जे म्हटलं तेच या तासात घडतं, म्हणून मी इतकं सविस्तर लिहिलं. नियमाचा अर्थ तो कुठे टिकतो आणि कुठे भांडण लावतो यावरून कळला.

पण प्रत्येक धड्याला फीत मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. आवर्त सारणी आहे, दूरच्या काळाचा इतिहास आहे, व्याकरण आहे. तिथे काय करायचं? यावर ड्यूईंनी १९०२ मध्ये एक फार समंजस गोष्ट सांगितली आहे. प्रवासी नव्या मुलखात चाचपडत जातो आणि टिपणं ठेवतो, आणि नंतर त्या मुलखाचा नकाशा तयार होतो. नकाशा प्रवासाची जागा घेत नाही, पण पुढच्या प्रवाशाचं वणवण फिरणं वाचवतो. अभ्यासक्रम हा तसा नकाशा आहे, कित्येक पिढ्यांच्या चाचपडण्यातून तयार झालेला. मुलांना सगळाच मुलूख पायी तुडवायला लावणं हा क्रूरपणा होईल, तेवढं आयुष्य कुणाकडे नाही. आणि ज्यानं एकही वाट स्वतः तुडवलेली नाही त्याला नकाशावरच्या रेघा कशाच्या आहेत हे कळत नाही. म्हणून काही वाटा चालून घ्यायच्या आणि बाकीच्यांसाठी नकाशा वाचायला शिकवायचं. कुठल्या वाटा चालायच्या हे ठरवणं ही शिक्षिकेची कामगिरी आहे, आणि ती कुठल्याही तत्त्वज्ञानानं तुमच्यासाठी करून ठेवलेली नाही. माझं मत विचाराल तर जिथे मुलांची रोजची समजूत विषयाच्या आड येते, तिथे वेळ घाला. वाळणारं कापड, भागाकारानं मोठी होणारी संख्या, जड वस्तू आधी पडते हा समज, अशा जागा. बाकी ठिकाणी नीट सांगा, स्पष्ट सांगा आणि पुढे चला.

म्हणजे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलंच. खडू-फळा सोडायचा नाही आणि त्याच्याकडे हार मानून परतायचंही नाही. फितीनंतरची ती पाच मिनिटं फळ्यावरचीच आहेत. मुलांना अडचण भेटलेली असते तेव्हा पाच मिनिटांचं स्वच्छ सांगणं जितकं आत जातं तितकं एरवी तासभर सांगूनही जात नाही. पाढे पाठ असावेत असंही मी म्हणेन, कारण वीस षष्ठांशापाशी जे मूल बोटं मोजत बसतं ते खऱ्या प्रश्नापर्यंत पोचतच नाही. नव्या शाळांमधून सगळी शिस्त, सगळा पाठ्यक्रम जुना म्हणून फेकून दिला जात होता, तेव्हा १९३८ मध्ये ड्यूईंनी आपल्याच अनुयायांना बजावलं की जुन्याच्या उलट केलं म्हणजे नवं शिक्षण झालं असं नाही. सगळे अनुभव सारखे शिकवत नाहीत, आणि काही तर पुढच्या शिकण्याची वाटच बंद करतात.

कार्यवादाचा जो भाग मला स्वतःला अपुरा वाटतो, तोही लिहायला हवा. ड्यूईंप्रमाणे वाढ हेच शिक्षणाचं ध्येय म्हटलं, तर वाढ कशाकडे? चोरही चोरीत तरबेज होत जातो. हा आक्षेप ड्यूईंनी स्वतःच घेतला आणि उत्तर दिलं की ती वाढ माणसाच्या इतर दिशांच्या वाढीला वाट देते की अडवते ते पाहा. उत्तर चांगलं आहे, पण माझ्या मते ते एकट्यानं उभं राहत नाही. त्याला १९१६ मधल्या 'लोकशाही आणि शिक्षण' या त्यांच्या पुस्तकातला विचार जोडावा लागतो. समाजातल्या लोकांच्या गरजा-आवडी किती सामायिक आहेत आणि एक गट दुसऱ्या गटाशी किती मोकळेपणानं मिसळतो, यावर तो समाज मोजायचा. जुन्यातलं सगळंच पुढच्या पिढीच्या हाती द्यायचं नसतं, अधिक चांगल्या समाजाला उपयोगी पडेल तेवढंच निवडून द्यायचं, हेही त्यात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, तिथे त्यांनी ड्यूईंची व्याख्यानं ऐकली, आणि १९३६ मधल्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणात त्यांनी हाच विचार आपल्या या शिक्षकांचं नाव घेऊन, त्यांचं ऋण मान्य करून मांडला. 'उपयोगी' या शब्दाला किती खोली देता येते हे तिथे दिसतं. कुणाला उपयोगी, आणि हे ठरवताना कुणाला विचारलं, हे प्रश्न त्यात आले.

हे तुमच्या वर्गापासून लांब नाही. गटकाम चालू असताना एकदा नुसतं बघत उभ्या राहा. फीत कुणाच्या हातात आहे? निर्णय कोण घेतंय? बहुतेक गटांत एक चुणचुणीत मूल ठरवतं, दुसरं कापतं आणि उरलेली मुलं नाव लिहिण्याचं, पसारा आवरण्याचं काम करतात. अडचण त्या एकालाच भेटली, बाकीच्यांना फक्त काम मिळालं. ड्यूईंचे शिष्य विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धत मांडली तेव्हा मुलाचा मनापासूनचा हेतू ही तिची पहिली अट होती. थर्माकोलच्या डोंगरामागे हेतू कुणाचा होता? प्रदर्शनाचा होता, असं मला तुमच्या पत्रावरून दिसतं.

आता करायचं काय, ते थोडक्यात लिहिते. सरांशी तत्त्वज्ञानावर वाद घालू नका. फितीच्या तासाला त्यांना वर्गात बोलवा आणि मागच्या बाकावर एका गटाशेजारी बसवा. परीक्षेची त्यांची काळजी खरी आहे, तिचा मान ठेवा. त्यांच्या संमतीनं पुढच्या चाचणीत नेहमीच्या उदाहरणांबरोबर एकच प्रश्न असा घाला: 'साडेतीन मीटर दोरीतून पाऊण मीटरचे तुकडे कापले. एकानं उत्तर चार पूर्णांक एक द्वितीयांश दिलं, दुसऱ्यानं चार पूर्णांक दोन तृतीयांश. दोघांनी काय काय मोजलं?' नियम पाठ असलेली आणि भांडण अनुभवलेली मुलं इथे वेगळी दिसतील, आणि तो पुरावा सरांच्याच भाषेत, गुणांत असेल.

पालकांना प्रदर्शनाऐवजी वह्या दाखवा. रुमालांचा आधीचा अंदाज, प्रत्यक्ष काय दिसलं, आणि अंदाज का बदलला, ही तीन टिपणं ज्या वहीत आहेत ती वही आपल्या मुलाचं डोकं कसं चाललं हे आईवडिलांना दाखवते. खोडलेलं पुसू देऊ नका, एक रेघ मारून ठेवायला सांगा.

आणि सगळं एकदम बदलायला जाऊ नका. या सत्रात भागाकार आणि रुमाल एवढ्या दोनच गोष्टी अशा रीतीनं घ्या, बाकीचे धडे तुम्ही आज शिकवता तसेच शिकवा. फीत जोडीजोडीनं द्या, चार-पाच जणांचा गट नको, आणि अर्धा तास झाल्यावर कात्री दुसऱ्याच्या हातात जाईल असा नियम करा. तास संपेपर्यंत सव्वातीन आणि तीन पूर्णांक एक तृतीयांश यांचा निकाल लागला नाही तर दोन्ही उत्तरं फळ्यावर तशीच राहू द्या आणि फिती दप्तरात ठेवायला सांगा. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात शिरायच्या आधीच कुणी ना कुणी ती उलगडून बसलेलं असेल, तिथूनच सुरू करा.